बारा वाजताची पंगत

पंगत निम्मी वाढून झाली होती. वांग्याच्या भाजीची बादली घेऊन आचारी चौथ्या पानापर्यंत आला होता, आणि तेवढ्यात त्याच्या कमरेला बांधलेलं गजराचं घड्याळ किणकिणलं. या गृहस्थाने बादली होती तिथेच खाली ठेवली, हात धुतले, पंच्याला पुसले आणि सरळ निंबाखाली जाऊन बसला. पाचव्या पानावरचा म्हातारा रोडगा कुस्करून भाजीची वाट बघत बसला. मला वाटलं, याला ऊन लागलं. पळत जाऊन विचारलं, "काय झालं बे महाराज? चक्कर आली का?"

"नाही काका," तो म्हणाला. "दोन वाजले. आता माहा मोबाईलचा टाइम हाय. वीस मिनटं."

त्याच्या बायकोने पदराची गाठ सोडून किल्ली काढली, स्टीलच्या डब्याचं कुलूप उघडलं आणि आतला मोबाईल त्याच्या हातात दिला. देवघरातली मूर्ती द्यावी तसा दिला, बिचारीने. पाचव्या पानापासून पुढची भाजी त्या दिवशी मी वाढली. मी! ज्याच्या वावरातून ती वांगी आली होती, त्यानेच ती वाढायची. असा हा माणूस.

त्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर हे पान कापून, त्याचा फोटो काढून तो सगळ्या तालुक्याला पाठवेल आणि खाली लिहील, 'आमच्याबद्दल छापून आले.' मोताळ्यात बसस्टँडच्या मागे त्याची खोली. त्याला सगळे टाइमवाले महाराज म्हणतात. आमच्याकडे आचाऱ्याला महाराज म्हणायची पद्धत आहे, त्यात मान असतोच असं नाही. माझं वावर रोहिणखेडच्या अलीकडे. पंधरा-सोळा वर्षं त्याच्या रोडग्यांच्या पंगतींना माझ्याकडची वांगी जायची, म्हणून मला त्याचं सगळं पाहावं लागलं. हौस नव्हती.

ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाचं जाडसर पीठ तेल-ओवा घालून घट्ट मळायचं, पापुद्र्यावर पापुद्रा देत गोळे वळायचे, आणि गोवऱ्यांचा जाळ बसून नुसता निखारा उरला की त्यात पुरून भाजायचे. मग राख झटकायची, तुपात बुचकळायचे आणि वरणात कुस्करून खायचे. मारुतीचा नवस फेडायचा तर आमच्याकडे शनिवारी वावरात रोडगेच लागतात. गुलाबजाम करा नाहीतर पनीर करा, मारुतीला त्याचं काही नाही.

आणि या माणसाच्या हाताला रोडगा होता, हे खोटं बोलता येत नाही. निखाऱ्यातून एकेक रोडगा वर काढून बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि आवाजावरून सांगायचा, "हा झाला. हा अजून उलीसा राह्यला." कधी चुकला नाही. म्हणजे बघा, ज्याला देवाने घड्याळाशिवाय वेळ ओळखायची अक्कल दिली होती, त्याने घड्याळ कमरेला बांधून घेतलं. याला काय म्हणायचं?

त्याआधीही तो शहाणा होता असं नाही. आधी तो मोबाईलमध्ये बुडालेला होता. परातीत पीठ, मांडीवर मोबाईल. कोणी रोडग्याच्या फोटोखाली 'छान' लिहिलं की हा पिठाच्याच हाताने त्याला नमस्कार पाठवायचा. खामगावात एका साखरपुड्याला कमेंटा वाचता वाचता त्याने वरणात तीनदा मीठ टाकलं. मुलाच्या मामाने पहिला घास घेतला आणि पाटावरून उठलाच. सोयरीक मोडायची राहिली ती मुलीच्या पुण्याईने. त्याची बायको तेव्हा मला म्हणाली होती, "भाऊजी, ह्याईचा एक हात पिठात अन् एक हात मोबाईलमधी. कोन्ता कुठी हाय हे ह्याईलेच कळत नाही."

त्या मिठाने त्याला पश्चात्ताप झाला. आता पश्चात्ताप झालेल्या माणसाने गप घरी बसावं. हा खामगावात कसल्याशा शिबिराला गेला. छोट्या धंदेवाल्यांनी सोशल मीडियाला किती वेळ द्यावा, हे शिकवणारं एका दिवसाचं शिबिर. कोणी टाय लावलेला पाहुणा आला होता म्हणे. चहा, दोन समोसे आणि एक फाईल मिळाली. समोसे पचले, फाईल याच्या डोक्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड आलं. सकाळी आठ ते साडेआठ, फोटो टाकणे. दुपारी दोन ते दोन वीस, उत्तरे देणे. सायंकाळी आठ ते साडेआठ, इतरांचे पाहणे, आणि कंसात 'धंद्यापुरते'. लग्नात नवरदेवाच्या गळ्यात हार आणि आचाऱ्याच्या गळ्यात हे कार्ड. बाकीच्या वेळात मोबाईल डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली बायकोच्या पदराला. धंद्याचे फोन तिच्या साध्या बटणाच्या फोनवर. म्हणजे नियम पाळायचा यांनी आणि ओझं वाहायचं तिने. आमच्याकडे नियम असेच पाळले जातात.

वर त्याच्या त्या म्हणी! "काका, टाइम म्हंजे पीठ हाय. सांडलं तं भरता येते, पन मंग त्यात माती येते." हे तो मला वांगी मोजता मोजता ऐकवायचा. दुसरी अशी, "आपन मोबाईल पाहावा, मोबाईलनं आपल्याले पाहू नाही." मी म्हणायचो, तुला पाहून मोबाईल काय करेल बे, आंधळा होईल.

एकदा पावणेदोनला एक गिऱ्हाईक आलं. पंगतीची जागा कशी आहे ते दाखवायला त्याने स्वतःच्या मोबाईलमधला फोटो पुढे केला. महाराजांनी डोळे गच्च मिटून घेतले. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, मोबाईल माहा हाय, तुमचा नाही." तर हा डोळे मिटूनच म्हणतो, "मोबाईल कोनाचाबी असो, डोळे माहे हायेत. पंधरा मिनटं थांबा." ते गिऱ्हाईक थांबलं, हे त्याच्याहून मोठं आश्चर्य. पण काय करणार, असा रोडगा दुसऱ्याकडे मिळत नव्हता.

हिवरा आश्रमाला मोठी पंगत असते तेव्हा तो दरवर्षी सेवेला जायचा. तिथून आला की महिनाभर तेच दळण. "काका, एवढी खंडीभर मानसं, पन एका टायमाले पान वाढते. कोनी मोबाईल काढत नाही." मी म्हटलं, "काढत नाहीत, कारण तिथे लोक काम करून राह्यले असतात. तुझ्यासारखे गजर लावून बसत नाहीत." त्याला राग आला नाही. त्याला राग यायचाच नाही, हाही त्याचा एक दुर्गुण. अंगठा मात्र कार्डावरून फिरवत राहिला.

मग त्याला त्या फाईलीतली शेवटची युक्ती सापडली. पोस्ट आदल्या दिवशीच लिहून भरून ठेवायची आणि वेळ लावून द्यायची. ती आपोआप त्या वेळेला जाते, आपण तेव्हा झोपेत असलो तरी. झालं! हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. रविवारी सकाळी बसून हा आठवड्याभराचं सगळं भरून ठेवायला लागला. सणाच्या शुभेच्छा, रोडग्यांचे फोटो आणि जुन्या गिऱ्हाइकांचे वाढदिवस. "पीठ आधी मळून ठेवावं लागते काका," मला शिकवायचा.

नांदुऱ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ याचे फार जुने गिऱ्हाईक. पहाटे पाचला ते गेले. सकाळी आठ वाजता तालुक्याच्या प्रत्येक ग्रुपवर त्यांचा फोटो झळकला, 'जीवेत शरदः शतम्! आपण असेच रोडगे खात राहो.' इकडे तिरडी बांधणं चाललंय आणि तिकडे खाली तीस जणांनी केक पाठवलेत. म्हाताऱ्याच्या मुलाने याच्या दारात येऊन आईमाई काढली. मी म्हटलं, आता तरी सुधारशील? तर म्हणाला, "माही काय चूक काका? मी बरोबर टायमावर होतो. त्याईनंच टाइम नाही पाळला."

हसलो मी. सगळा तालुका हसला. तेव्हा मला माहीत नव्हतं की पुढचा नंबर माझा आहे.

इथे थोडं घरचं सांगावं लागतं. मला एक मोठा भाऊ आहे. आमच्या दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनी बाभूळ होती. मी ती एका उन्हाळ्यात त्याला न विचारता तोडली. आळसच केला, बाकी काही नव्हतं. दादा म्हणाला, बाभूळ माझ्या बाजूला होती. मी म्हणालो, माझ्या. झालं तेवढ्यावर. दादा त्याच्या सासुरवाडीच्या गावी राहायला गेला, इथून आठ किलोमीटर, आणि नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माय माझ्याकडे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने मारुतीला नवस बोलून ठेवला होता, दिसायला लागलं तर रोडगे करीन, पण नैवेद्य दोन्ही पोरांच्या हाताने दाखवीन. तिला दिसायला लागलं. दिसलं काय, तर एक पोरगा दारात आणि एक नाही. नवस तसाच पडून राहिला. ऐंशी वर्षांची म्हातारी दर शनिवारी विचारायची, "कवा करतं रे?" आणि मी म्हणायचो, "करू."

शेवटी केलं ठरवून. पोरीने मोबाईलवर छान कार्ड बनवलं, वर मारुती, खाली तारीख. मी ते भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं. दादा त्या ग्रुपमध्ये होता. त्याला कोणी काढलं नव्हतं आणि तोही निघाला नव्हता, नातं म्हणून एवढंच उरलं होतं. संध्याकाळी दादाचा अंगठा आला. मी तो तीनदा पाहिला. मायला नेऊन दाखवला. तिला वाटलं मी मारुती दाखवतोय, तिने हात जोडले.

शनिवारी सकाळपासून वावरात चाळीसेक माणसं. महाराज आणि त्याची बायको पहाटेच आले होते. गोवऱ्या पेटल्या, जाळ बसला, रोडगे निखाऱ्यात गेले. बाराला नैवेद्य ठरला होता. पावणेबाराला दादाच्या पोराचा फोन आला, "बाबा निघाले मोटरसायकलीनं." माय मारुतीसमोर सतरंजीवर बसली होती, नवं लुगडं नेसून, तोंड रस्त्याकडे करून. बारा वाजले, सव्वाबारा झाले. दादा आला नाही. पंगत मी अडवून धरली. थोरला आल्याशिवाय नैवेद्य नाही आणि नैवेद्याशिवाय पान नाही, ही आमची रीत. महाराज येऊन म्हणाला, "काका, निखारा थांबत नसते." मी म्हटलं, "थांबव. नऊ वर्षं थांबलं तिथे अर्धा तास काय."

पावणेएकला पोरगी मोबाईल घेऊन आली. तिचा चेहराच उतरला होता. "बाबा, हे पाहा."

महाराजांची पोस्ट होती. बरोबर बारा वाजता गेलेली. कोण्या जुन्या पंगतीचा फोटो, खाली माझं नाव, गावाचं नाव, आणि मजकूर, 'आज मारुतीरायाला नैवेद्य दाखवून पहिली पंगत बसली. समस्त भाऊबंदांनी लाभ घेतला.'

समस्त भाऊबंदांनी! त्यातला एकुलता एक मोजायचा भाऊबंद रस्त्यात होता. वाटेत पेट्रोल भरायला थांबला, मोबाईल काढला, आणि त्याला दिसलं की त्याच्याशिवाय नैवेद्यही झाला आणि पंगतही उठत आली. भाऊबंदांच्या ग्रुपवर त्याचा शेवटचा निरोप होता, 'पंगत बसली म्हनते. बसा सुखानं.' त्याखाली ती बारीक अक्षरातली ओळ, त्याने ग्रुप सोडल्याची.

मी महाराजासमोर मोबाईल धरला. यावेळी त्याने डोळे मिटले नाहीत. वाचलं आणि पांढराफटक पडला. "मी रविवारीच भरून ठेवली होती," एवढंच म्हणाला.

"काढ ती आधी! काढ बे!"

आणि आता ऐका. या माणसाने बायकोच्या पदराकडे हात केला, मध्येच थांबला, आणि गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. "दोनले अजून सव्वा तास..." असं तोंडातल्या तोंडात पुटपुटला. देवाशप्पथ! माझ्या हातात झारा होता. तो त्याच्या टाळक्यात बसला नाही, याचं श्रेय त्याच्या बायकोला. तिने स्वतःच कुलूप उघडलं, मोबाईल त्याच्या हातावर आदळला आणि म्हणाली, "आग लागो तुमच्या टायमाले. काढा ते." त्याने पोस्ट काढली.

मग तो निखाऱ्यापाशी गेला. टकटक करून पाच रोडगे निवडले, राख झटकली, तुपात बुचकळले, फडक्यात बांधले. "काका, माही चूक हाय. मी आनतो त्याईले," म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला. दोन वाजता त्याच्या कमरेचा गजर आठ किलोमीटरवर कुठेतरी वाजला असेल. त्या दिवशी त्याने तो ऐकला की नाही, ठाऊक नाही.

सव्वादोनला परत आला. फडकं तसंच बांधलेलं. चाळीस माणसं उपाशी, सगळी त्याच्या तोंडाकडे पाहतायत. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हनले, बाबू, मी तुह्या फोटोनं नाही परतलो." महाराज खाली पाहून बोलत होता. "म्हनले, मले बोलवायले कोनी आलंच नव्हतं. त्या कार्डावर निघालतो. लाज वाटत होती, तरी निघालतो. तुह्या फोटोनं मले फकस्त परतायचा बहाना देल्ला."

मग त्याने मान वर करून मला विचारलं, अगदी साधेपणाने, "काका, तुम्ही बोलवायले गेलते ना?"

"कार्ड टाकलं होतं," मी म्हणालो. "अंगठा आला होता."

त्याने फडकं पुढे केलं. "अजून कोमट हायेत. गाडी चालूच हाय. बसता का?"

आता खरं सांगतो. मला जायचं होतं. पाय उचललासुद्धा. पण चाळीस माणसांसमोर एक आचारी, तोही हा कार्डवाला, ज्याला मी दहा वर्षं हसत आलो, तो मला माझं घर शिकवणार? मी म्हणालो, "आचारी आहेस, आचाऱ्यासारखा राहा. पानं मांड." त्याने पानं मांडली. नैवेद्य मी एकट्याने दाखवला. मायने पानावरचा रोडगा मोडला नाही. नुसतं वरण प्यायली आणि म्हणाली, "मारुतीनं अर्धाच घेतला."

त्यानंतर आमची वांगी त्याच्याकडे जाणं बंद झालं. मीच बंद केलं. पण त्याची बातमी कानावर यायचीच, अशा माणसांची येतेच. आदल्या दिवशी पोस्टा भरून ठेवणं त्याने सोडलं. ते गळ्यातलं कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूला जाड पेनाने एकच ओळ लिहिली, 'बोलवायले गेलते का?' कोणी रोडगे सांगायला आलं की हा आधी ते कार्ड दाखवायचा. कोणाला बोलावलं? घरी जाऊन बोलावलं का मोबाईलवर? रुसलेलं कोणी आहे का? त्याच्याकडे गेलते का? गेला नसशील तर जाऊन ये, मग सुपारी घेतो. अरे, तू आचारी आहेस की तहसीलदार? लोक हसायचे. शिव्याही घालायचे. आणि जाऊन यायचे, कारण असा रोडगा दुसऱ्याकडे मिळत नव्हता. मोबाईलच्या वेळा मात्र त्याने तशाच ठेवल्या. दोन म्हणजे दोन.

चार वर्षं गेली. गेल्या माघात माय म्हणाली, "एकदा अजून कर रे रोडगे. आता माहा काही भरोसा नाही."

मी नाक मुठीत धरून त्याच्या बायकोच्या फोनवर फोन लावला. तिने त्याला दिला. मी तारीख सांगितली. तो म्हणाला, "येतो ना काका. दादाले बोलवायले गेलते का?"

"तुले काय करायचं बे?"

"मंग गोवऱ्या नाही पेटत काका."

त्याने आवाज चढवला नाही. शिव्या मीच दिल्या, आणि फोनही मीच ठेवला. मलकापूरकडचा दुसरा आचारी केला. त्याला कसलाच नियम नव्हता. जाळ बसायच्या आतच त्याने रोडगे आत लोटले. बाहेरून कोळसा, आतून कणिक. नैवेद्याच्या आधी मायने एक रोडगा हातात घेऊन मोडला, आतलं पीठ बोटाला चिकटलं ते माझ्यापुढे धरलं. "नवसबी कच्चा अन् रोडगाबी कच्चा," ती म्हणाली. "काय दाखवू त्याले?"

तिचं ते बोट अजून डोळ्यासमोरून जात नाही. मी तो मोडलेला रोडगा फडक्यात बांधला, पाहुण्यांना म्हटलं बसा, आणि मोटरसायकल काढली. आठ किलोमीटर. तेरा वर्षांत मला आठ किलोमीटर झाले नव्हते.

दादा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. म्हातारा झाला होता. मोबाईलवर तेवढा दिसत नव्हता. मी समोर उभा राहिलो, मोठ्या भावापुढे अठ्ठावन्न वर्षांचा माणूस उभा राहतो तसा, आणि फडकं पुढे केलं. "दादा, रोडगे केले. बोलवायले आलो."

त्याने फडकं सोडलं. तुकडा चिमटीत धरून पाहिला. "कच्चा हाय बे."

"हो."

"तो मोताळ्याचा टाइमवाला कुठी गेला?"

"तो नाही आला."

"काऊन?"

मला उत्तर गिळून टाकावंसं वाटत होतं, पण ते गिळता येण्यासारखं नव्हतं. "तुले बोलवायले गेलो नव्हतो, म्हणून."

दादाने तुकडा परत फडक्यात ठेवला. मग हसायला लागला. शेंगांचं सूप मांडीवरून सांडलं तरी हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता. मला रडू आलं, ते सांगायला मला लाज वाटत नाही. आतून वहिनी धावत आली. दादा तिला म्हणाला, "माही टोपी आन." मग माझ्या हातातून किल्ली घेतली. "चाल. गाडी मी चालवतो. तुले धुरा दिसत नाही."

दोघांनी मिळून नैवेद्य दाखवला. कच्च्याच रोडग्याचा. माय दोन घास खाऊन म्हणाली, "गोड हाय." इतकं खोटं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

हे सगळं घडलं ते त्या टाइमवाल्याला मी अजून कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाही. दादाला बजावून ठेवलंय, पोरीला बजावलंय, मायला शपथ घातलीय. एवढं सुख त्या माणसाला माझ्या हातून मिळायचं नाही. पण येत्या माघात पुन्हा रोडगे करायचे आहेत, या वेळी दादाच्या अंगणात, आणि चांगले हवेत. म्हणजे कोणीतरी त्याच्याकडे जावं लागणार. फोन करून चालणार नाही. मीच जाईन. पावणेदोनला जाईन आणि पंधरा मिनिटं त्याच्या दारात थांबेन.